हेड गेलं की राहिलं

कानमिस्त्रीच्या तोंडून "नवीन घ्या" हे दोन शब्द निघाले की समोरचा पाकीट काढायचा, कारण हा माणूस ते म्हणायचाच नाही. त्याच्या चष्म्याची एक काडी पितळी तारेची होती. घरातल्या खुर्चीखाली त्यानं गिअरबॉक्समधलं बेअरिंग बसवलं होतं, त्यामुळे त्या खुर्चीत बसलेला पाहुणा बोलता बोलता हळूहळू भिंतीकडे तोंड करायचा. बायकोनं एकदा कंटाळून ती खुर्ची भंगारात दिली. हा संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेला, "चुकून आली हो" असं सांगून ती परत घेऊन आला, आणि येता येता भंगारवाल्याच्या काट्याची वाकडी दांडीही सरळ करून आला.

आता अशा माणसानं इंजिन उघडून सांगितलं की बाबा रे, हेड गेलं, तर वाद कोण घालणार? हेड म्हणजे इंजिनाच्या वरचं ते जड झाकण, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. आतली सगळी आग आणि दणके ते दाबून धरतं. इंजिन तापलं की पहिला मार हेडला बसतो. कधी ते नुसतं वाकतं, कधी त्याला केसाएवढी चीर जाते. वाकलं असेल तर घासून सपाट करता येतं. चीर असेल तर बदला आणि मोकळे व्हा. आणि ही चीर डोळ्यांना दिसत नाही, सगळं घोडं अडतं ते इथेच.

बाकीचे मिस्त्री हेडची तोंडं बंद करून ते पाण्यात बुडवायचे, आत हवा मारायचे आणि बुडबुडे येतात का बघायचे. कानमिस्त्री याला "आंघोळ" म्हणायचा आणि नाक मुरडायचा. त्याची रीत वेगळी होती. दुकानाच्या आढ्याला एक आकडा होता, त्याला तो हेड तारेनं टांगायचा आणि उस्तादानं दिलेल्या पितळी हातोडीनं एकदाच हळू टोला द्यायचा. चांगलं बीड घंटेसारखं घुमतं, चिरलेलं बीड मडक्यासारखं ठप्प बोलतं. कान देऊन ऐकलं की तो खिशातला खडू काढायचा आणि हेडवर एक शब्द लिहायचा. "राहिलं" किंवा "गेलं". तिसरा शब्द त्याच्या दुकानात नव्हता. पस्तीस वर्षांत त्याचा खडू एकदाही चुकला नाही, म्हणून तर सगळा बाजार त्याला कानमिस्त्री म्हणायचा. त्याचं खरं नाव बायकोलाही रेशनकार्डावर बघून आठवावं लागे.

या पस्तीस वर्षांत "गेलं" लिहायची वेळ वर्षातून एकदा, फार तर दोनदा यायची. पण गेल्या वर्षभरात दुकानाच्या मागच्या भिंतीला "गेलं" लिहिलेली अकरा हेडं उभी राहिली होती. एखाद्याला शंका यायला हवी होती की नाही? नाही आली. गिऱ्हाइकं म्हणायची, कानमिस्त्री म्हणतोय म्हणजे खरंच गेलं असणार, आणि मुकाट्यानं नवं हेड आणायची. मिस्त्रीचं स्वतःचं म्हणणं असं होतं की हल्लीचं बीडच पूर्वीसारखं राहिलं नाही. आता ती अकराच्या अकरा हेडं वीस वीस वर्षांपूर्वीची होती, तेव्हा त्यांत "हल्लीचं" बीड आलं कुठून, हा प्रश्न त्याला पडला नाही. आपल्याला सोयीचे नसलेले प्रश्न माणसाला सहसा पडत नाहीतच.

घर दुकानाला लागूनच होतं, आणि तिथं त्या वर्षात वेगळीच पीडा होती. एक एक करून घरातल्या सगळ्या वस्तू वाजायच्या थांबल्या. आधी गजराचं घड्याळ. मिस्त्रीनं ते खोललं, साफ केलं, परत जोडलं, तरी वाजेना. मग दाराची बेल. तिच्या आत त्यानं ट्रकच्या हॉर्नचा कसलासा भाग बसवला, तेव्हा कुठे ती त्याला बऱ्यापैकी ऐकू आली. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई मात्र पहिल्यांदा ती वाजल्यावर चपला न घालता जिना उतरून रस्त्यावर आल्या. मग कुकरची शिट्टी. ती तर त्यानं तीनदा दुरुस्त केली. कुकर बिचारा जीव तोडून शिट्ट्या मारत होता आणि हा त्याच्याशेजारी उभा राहून म्हणत होता, "अगं, वाफ धरत नाहीये हा."

आणि बायको. बायकोचा स्वभाव बदलला होता. सत्तावीस वर्षं हळू बोलणारी बाई गेल्या वर्षभरात एकदम वरच्या पट्टीत बोलायला लागली होती. "अहो, जेवायला या" असं म्हटलं तरी भांडणाला बोलावल्यासारखं वाटे. मिस्त्रीनं हे दुःख समोरच्या लेथवाल्याला सांगितलं होतं. "काय झालंय कळत नाही. साधं बोलायचं म्हटलं तरी अंगावर येते."

लेथवाला पन्नाशीचा, गुळगुळीत माणूस होता. त्याचं प्रत्येक वाक्य एकाच ठिकाणाहून सुटायचं. "माझं काही म्हणणं नाही, मिस्त्री," तो म्हणाला, "पण." आणि पुढचं वाक्य गिळून त्यानं लेथ चालू केलं. मिस्त्रीचा धाकच तसा होता.

असं सगळं छान बिघडत चाललं असताना एका मंगळवारी सकाळी ताईची गाडी दोरीला बांधून आली.

ताई म्हणजे मिस्त्रीची थोरली बहीण. वय सहासष्ट. तीन लॉज आणि एका दवाखान्याच्या चादरी धुवायला न्यायच्या आणि धुतलेल्या परत पोचवायच्या, हे काम ती सव्वीस वर्षं एकाच डिझेल व्हॅनमधून करत होती. नवरा गेल्यावर लोकांनी तिला शिवणकाम सुचवलं होतं. तिनं गाडी शिकली. बाजारातले ट्रकवाले तिला वाट देत. आदर होताच, शिवाय ती उलटी गाडी घेताना मागे बघत नसे, हेही एक कारण होतं.

ओढणाऱ्या टेम्पोतून ताई उतरली, तिनं व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि आधी चादरींचे गठ्ठे मोजले. मग म्हणाली, "छोट्या, चढावर एकदम पांढरी वाफ आली बघ. मी लगेच बंद केली."

छोट्या म्हणजे मिस्त्री. अख्खा बाजार ज्याला दबून असायचा त्या एकसष्ट वर्षांच्या माणसाला ही बाई भर रस्त्यात छोट्या म्हणायची.

"लगेच म्हणजे किती लगेच?" मिस्त्रीनं विचारलं.

"दवाखान्यात पोचल्यावर."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. पण या वेळी त्याच्या हाताला रोजची घाई नव्हती, आणि त्याचं कारण ताईचा मुलगा होता. मिस्त्रीचा हा भाचा दूरच्या मोठ्या शहरात नोकरी करायचा. चांगला मुलगा, आईवर जीव टाकणारा, आणि म्हणूनच गेली चार वर्षं आईच्या मागे लागलेला की आता पुरे, माझ्याकडे राहायला ये. तिच्यासाठी त्यानं एक खोली राखून ठेवली होती. खोलीला बाल्कनी होती. ताईला त्या बाल्कनीची मनस्वी भीती वाटायची. "मला तिथं कुंडीसारखी ठेवणार आहे तो," ती म्हणायची, "सकाळ संध्याकाळ पाणी घालणार." शेवटी पोराचं तोंड बंद करायला तिनं शब्द देऊन टाकला होता, की ज्या दिवशी गाडी जाईल त्या दिवशी मी येईन. तेव्हा गाडी ठणठणीत होती.

ही व्हॅन बनवणारा कारखानाच बंद पडून बारा वर्षं झाली होती. तिचं हेड कुठे मिळत नव्हतं, ना नवं, ना जुनं. म्हणजे हेड राहिलं तर ताई राहिली, हेड गेलं तर ताई बाल्कनीत. आणि हे ठरवणार होता छोट्या.

दुपारपर्यंत हेड उतरलं. मिस्त्रीनं ते डिझेलनं धुतलं, पुसलं, तारेनं आकड्याला टांगलं. ताई दारात चादरींच्या गठ्ठ्यावर बसली होती. मिस्त्रीनं पितळी हातोडी घेतली आणि एकच टोला दिला.

ठप्प.

त्यानं दुसरा टोला दिला. उस्तादानं बजावलेलं होतं की टोला एकच, दुसरा मारतो तो स्वतःला फसवतो. तरी त्यानं दुसरा दिला, आणि तिसराही. ठप्प, ठप्प. सख्ख्या बहिणीच्या गाडीवर हा शब्द लिहायचा म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. पण लेकाचा खडू इमानी होता. त्यानं लिहिलं, "गेलं."

"काय लिहिलंस?" ताईनं मागून विचारलं.

"गेलं, ताई. चीर आहे."

"काहीतरीच काय? केवढं छान वाजलं."

"ताई, तुला त्यातलं कळत नाही."

"मला बिडातलं नाही कळत. वाजलेलं कळतं. माझ्या दातांपर्यंत आलं ते."

मिस्त्री चिडला. पस्तीस वर्षांत त्याच्या कानावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता ठेवतंय कोण, तर जिला इंजिनात तेल कुठून घालतात हेही धड माहीत नाही. तो म्हणाला, "तुला जायचं नाहीये म्हणून तुला वाजलेलं ऐकू येतंय." हे बोलणं फार लागट होतं, आणि बोलल्याबरोबर ते त्यालाही कळलं. नेमका तेवढ्यात ताईच्या फोनवर भाच्याचा फोन आला, आणि तिनं तो तसाच मिस्त्रीपुढे धरला. गाडी ओढून आणल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो एवढ्या आनंदात होता की मिस्त्रीलाही त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "मामा, गाडी गेली ना?" "हेड गेलं," मिस्त्री म्हणाला. "बरं झालं. खोलीला रंग देऊन ठेवलाय. शनिवारी येतो आईला न्यायला."

ताईनं फोन बंद केला. मग उठली, चादरींची ढकलगाडी दुकानात आणली, तार सोडवून ते हेड तिच्यात आदळलं आणि ढकलत निघाली.

"कुठे चाललीस?"

"आंघोळीला," ताई म्हणाली.

लेथवाल्याकडे पाण्याची टाकी होती. मिस्त्री रागारागानं मागून गेला खरा, पण उंबऱ्याबाहेरच हाताची घडी घालून उभा राहिला. आत जाणं म्हणजे त्या टाकीला मान दिल्यासारखं झालं असतं. लेथवाल्यानं हेडची भोकं बंद केली, ते पाण्यात सोडलं, हवेची नळी जोडली. ताई टाकीत डोकं घालून बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"टाकी खराब असेल," मिस्त्री बाहेरून म्हणाला.

"टाकी कशी खराब होते रे?" ताईनं विचारलं.

लेथवाल्यानं हात पुसले. मिस्त्रीकडे बघितलं, ताईकडे बघितलं. ताईचा धाक मिस्त्रीहून मोठा आहे असा त्याचा हिशोब झाला असावा. "माझं काही म्हणणं नाही, मिस्त्री," तो म्हणाला, "पण तुमच्या त्या मागच्या भिंतीजवळचं एक हेड मी चार महिन्यांपूर्वी नेलं होतं. वजन ठेवायला म्हणून. सहज टाकीत घातलं. बुडबुडा नाही. मेहुण्याच्या जीपला बसवलं. अजून पळतेय." आणि मग एकदा गाडी उतारावर सुटलीच आहे म्हटल्यावर त्यानं पुढचंही सांगून टाकलं. "आणि मिस्त्री, तुमची बेल वाजली की माझ्या लेथवर माप चुकतं."

मिस्त्री वळला आणि आपल्या दुकानात आला. भिंतीची हेडं एकामागून एक टांगायला सुरुवात केली. लेथवाल्यानं नेलेलं सोडून दहा उरली होती. एकसष्टाव्या वर्षी असली दहा धुडं उचलणं म्हणजे चेष्टा नाही, पण अंगात राग असला की वजन लागत नाही. टोला, ठप्प. टोला, ठप्प. दहाही ठप्प. बघा, म्हणजे मी बरोबर होतो, असं तो स्वतःशी म्हणाला खरा, पण त्यात जोर नव्हता.

मग त्याचं लक्ष वरच्या फळीवर गेलं. तिथं उस्तादाचं नमुन्याचं हेड होतं. उस्तादानं त्याला कान दिला तो या हेडवर. पोरगा असताना महिनाभर रोज सकाळी याच्यावर टोला मारून आवाज पाठ करायचा, मगच दुसऱ्या कामाला हात. उस्ताद गेल्यापासून ते कपड्यात गुंडाळून तिथंच होतं. ना ते कधी गाडीला लागलं, ना तापलं, ना पडलं. त्याला चीर जायचं काही कारणच नव्हतं.

त्यानं ते उतरवलं, धूळ पुसली, टांगलं. हातोडी उचलली, आणि मारायची त्याला भीती वाटली. हातोडीचं तोंड त्यानं दोनदा शर्टाला पुसलं. मग मारली.

ठप्प.

मिस्त्री खाली फरशीवर बसला. ताई ढकलगाडी घेऊन दारात आली होती. तिनं सगळं बघितलं आणि आधीची चिडचिड विसरून त्याच्याशेजारी येऊन बसली.

"ताई," तो म्हणाला, "हे वाजलं का?"

"वाजलं."

"नीट?"

"अजून घुमतंय," ताई म्हणाली.

मिस्त्रीनं वर बघितलं. हेड तारेला अगदी हलकं झुलत होतं. त्याच्यासाठी दुकानात पूर्ण शांतता होती. "मला नाही येत ऐकू," तो म्हणाला. हे वाक्य त्याला वर्षभर माहीत होतं बहुतेक, पण तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडलं. "ताई, कान गेला माझा. मग मी उरलो कशाला?"

दुसरी कुणी असती तर तिनं पाठीवरून हात फिरवला असता. ताई म्हणाली, "ऊठ. माझ्या बाल्कनीला चारच दिवस राहिलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आणि बायको अशा दोघींच्या मध्ये बसून मिस्त्री कानाच्या दवाखान्यात गेला. तपासणारी मुलगी पंचविशीची होती. तिनं त्याला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर मोठे गोळे चढवले आणि हातात एक बटण दिलं. "आजोबा, आवाज आला की दाबायचं."

मिस्त्री कामाच्या बाबतीत कधी खोटं बोलला नव्हता, पण त्या खोलीत त्यानं लबाडी केली. काचेपलीकडे ती मुलगी बोट हलवायची तेव्हा हा बटण दाबायचा. दोन मिनिटांनी ती आत आली आणि त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवून गेली. मिस्त्रीला घरच्या खुर्चीची आठवण झाली.

तपासणी झाल्यावर तिनं कागद पुढे ठेवला. त्यावरची रेघ निम्म्यापर्यंत बरी सरळ होती आणि मग घसरगुंडीसारखी खाली गेली होती. "जाड आवाज येतात तुम्हाला. बारीक, घुमणारे येत नाहीत. काम काय करता?"

"हातोडी मारतो," मिस्त्री म्हणाला. मग अवघडत विचारलं, "दुरुस्त होतं का?"

"नाही. नस झिजलीय आतली."

"मग बदलायचं?"

"बदलताही येत नाही, आजोबा. आहे त्यालाच आधार द्यायचा आणि काम चालवायचं." तिनं एक शेंगदाण्याएवढं यंत्र काढलं. "आठ दिवस ट्रायलला घेऊन जा."

आहे त्यालाच आधार देऊन काम चालवायचं, ही भाषा मिस्त्रीला पटली. त्यानं ते यंत्र हातात घेतलं, फिरवून बघितलं, नखानं त्याचं सेलचं दार उघडलं, आणि पुढे काही उघडायच्या आत त्या मुलीनं ते काढून घेऊन त्याच्या कानात बसवलं.

पहिला आवाज आला तो कागदाचा. कागद एवढा वाजतो हे तो विसरला होता. मग बाहेर कुणाच्या तरी किल्ल्या. मग त्याच्याच चपला. रस्त्यावर आल्यावर तो तीनदा थांबला. "हे सगळं वर्षभर चालूच होतं?" त्यानं विचारलं.

"चालूच होतं," बायको नेहमीच्या वरच्या पट्टीत ओरडली, आणि मिस्त्री असा दचकला की ताईनं त्याला धरलं.

दुकानात आल्यावर त्यानं ताईचं हेड पुन्हा टांगलं. त्याच्यावर कालचा "गेलं" टाकीच्या पाण्यानंतरही पुसटसा उरला होता. लेथवाला काम सोडून येऊन उभा राहिला, दोघी दारात उभ्या राहिल्या. मिस्त्रीनं हातोडी घेतली. या वेळी टोला एकच दिला.

आवाज निघाला, आणि वर चढला, आणि घुमत राहिला. उस्तादाच्या वेळचाच तो आवाज. किंचित पत्र्यासारखा, यंत्रातून आलेला, पण तोच. मिस्त्री डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला. आवाज संपल्यावर त्यानं डोळे पुसले ते त्याच डिझेलच्या फडक्यानं, त्यामुळे पुढची दहा मिनिटं ते चुरचुरून अजूनच वाहत होते आणि नक्की रडतोय किती आणि डिझेल किती हे कुणालाच कळलं नाही. मग त्यानं थुंकी लावून अंगठ्यानं जुना शब्द पुसला आणि लिहिलं, "राहिलं."

पुढचं काम त्याच्या रोजच्या हातचं होतं. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून पातळ पत्त्या सरकवून बघितल्या, तर मधोमध वाकलं होतं. आधी दोनदा घासलेलं, आता एकदाच घासण्याएवढी जाडी शिल्लक होती. लेथवाल्यानं ते मशीनवर बांधलं आणि मिस्त्री मशीनच्या डोक्यावर उभा राहिला. "माझं काही म्हणणं नाही, मिस्त्री," लेथवाला शेवटी म्हणाला, "पण तुम्ही जरा तिकडे बसा." मिस्त्रीला हे बारीक आवाजातलं बोलणं ऐकू आलं, आणि या आनंदात तो खरंच तिकडे जाऊन बसला.

त्या संध्याकाळी घरी बायकोनं परीक्षा घेतली. तो जेवत असताना त्याच्या पाठीमागून, भांडी लावता लावता, ती पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "भाजीत मीठ कमी झालंय का हो?"

"नाही, ठीक आहे," मिस्त्री म्हणाला.

ती हातातलं भांडं घेऊन तशीच खाली बसली. वर्षभर ती घशाच्या गोळ्या चघळत होती, हे मिस्त्रीनं बघितलं होतं आणि हवामानावर ढकललं होतं.

"मला वाटायचं तू चिडलीयस," तो म्हणाला.

"चिडलेच होते," ती म्हणाली. "पण ओरडत होते ते त्यासाठी नाही."

मिस्त्रीला फार लाज वाटली. तो उठला, दाराची बेल खोलली आणि तिच्यातला हॉर्न काढून टाकला.

शनिवारी भाचा आला तो रिकाम्या खोक्यांसकट. आईची भांडीकुंडी भरायची म्हणून दहा खोकी आणली होती. आणि दुकानासमोर बघतो तर आई व्हॅनमध्ये बसलेली, इंजिन चालू, मागे चादरी, आणि मामा बॉनेटमध्ये वाकून कान देऊन ऐकतोय. भाच्याचा चेहरा पडला. वाईट वाटावं असाच पडला.

"मामा, तुम्हीच म्हणालात ना गेलं म्हणून?"

"गेला होता तो माझा कान," मिस्त्री वाकलेलाच म्हणाला. "हेडला काही झालं नव्हतं."

भाचा आईकडे वळला. "आणि खोली?"

ताई खाली उतरली. तिनं पोराच्या गालावरून हात फिरवला, तिच्या हाताला ग्रीस होतं. "छान रंगवलीस ना? मग राहील ती छान. सणासुदीला येईन, चार दिवस बाल्कनीत बसेन. चादरी मी माझ्या आणीन." मग खोक्यांकडे बघून म्हणाली, "ही मात्र ठेवून जा. लॉजच्या उशांच्या खोळींना बरी पडतील."

मिस्त्री अजून इंजिनावर ओणवा होता. ताईनं त्याच्या खिशातून डोकावणारा खडू काढला. मागे काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. कानाला यंत्र होतं, पाठीला नव्हतं. मग मिस्त्रीनं बॉनेट लावून बाजूला झाल्यावर ताई गाडीत बसली, मागे न बघता गाडी उलटी घेतली, आणि ट्रकवाले भराभर बाजूला झाले.

त्या दिवशी मिस्त्रीला अजून एक काम होतं. ज्यांच्या हेडवर त्यानं "गेलं" लिहिलं होतं त्या अकराही जणांकडे तो स्वतः गेला. प्रत्येकासमोर उभा राहून त्यानं सांगितलं, "तुमचं हेड चांगलं होतं. मला ऐकू येत नव्हतं. चूक माझी, हेड घेऊन जा, पुढचं काम माझ्याकडून फुकट." ज्याचं हेड लेथवाल्याच्या मेहुण्याच्या जीपला पळत होतं त्याला त्यानं हेडचे पैसे देऊ केले. दोघं चिडले, आणि त्यांचं बरोबरच होतं, मिस्त्रीनं ते निमूट ऐकून घेतलं, आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. बाकीच्यांनी मात्र त्याच्यावर विश्वासच ठेवला नाही. एक टॅक्सीवाला तर म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही गेलं म्हणालात म्हणजे गेलंच होतं. आता उगाच माझं मन राखायला खोटं बोलू नका." त्याची समजूत काढता काढता मिस्त्री घामाघूम झाला.

तो बाजारातून चालला की लोक मागून हसत होते. तेही त्याला ऐकू येत होतं. यंत्राला हसतायत, त्यानं ठरवलं, हसू देत, आणि मान ताठ ठेवून सगळा बाजार फिरला.

घरी आल्यावर बायकोनं दार उघडलं. तो आत वळला तशी ती मागून हळूच म्हणाली, "अहो, पाठीवर काय घेऊन फिरताय दिवसभर?"

त्यानं शर्ट काढून बघितला. मध्यभागी, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, ताईच्या मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "राहिलं."

मिस्त्री त्या फिरत्या खुर्चीत बसला आणि तो शर्ट मांडीवर घेऊन हळूहळू भिंतीकडे तोंड करत गेला. बायकोनं त्याला तसं थोडा वेळ राहू दिलं. मग शर्ट घेतला, धुवायच्या बादलीपर्यंत नेला, परत आणला आणि अक्षर बाहेरच्या बाजूला येईल असा खुंटीला टांगला.